अकरा माणसांचा चुना

भट्टी पेटली की जागल्या झोपत नाही, हे गावात लहानथोर सगळ्यांना माहीत होतं. तीन दिवस आणि तीन रात्री भट्टी जळते, आणि तितके दिवस, तितक्या रात्री हा माणूस तिच्या तोंडासमोर उकिडवा बसून लाकडं आत सारत असतो. चौथ्या दिवशी घरी जातो आणि अंथरुणावर असा कोसळतो, की बायको आधी त्याच्या नाकाशी बोट धरून बघते आणि मग आपल्या कामाला लागते. वय अठ्ठावन्न. भुवया आहेत, पण नावापुरत्या. ज्वाळांनी त्या इतक्यांदा खाल्ल्या आहेत, की आता त्या उगवायचाच कंटाळा करतात.

या जागरणामागे त्याचे वडील होते. तेही चुनाच भाजायचे, याच भट्टीत. पण त्यांच्या काळात रोज सकाळी अकरा वाजले की भट्टीचा धूर बारीक व्हायचा आणि एकच्या सुमाराला पुन्हा जोर धरायचा. मधल्या वेळात काय होतं, याचा शोध घ्यायला कुणी भट्टीवर गेलं नाही. चुना न्यायला जे दोघे-चौघे गेले त्यांना हा माणूस भिंतीला टेकून, डोळे मिटून बसलेला दिसला. झालं. त्याचं नाव पेंगूशेठ पडलं. शाळेत मास्तर खिडकीतून धूर बघायचे आणि म्हणायचे, "पेंगूशेठ लवंडले, अकरा वाजले. गणिताची वही काढा." मग सगळा वर्ग मागच्या बाकाकडे वळून बघायचा. मागच्या बाकावर जागल्या असायचा. तेव्हा त्याचं नाव जागल्या नव्हतं, पण व्हायचं त्या बाकावरच ठरलं.

चुन्याचं गणित सोपं आहे. चुनखडीचा दगड नीट भाजला की हलका होतो, पाण्यात टाकला की फसफसतो, फुटतो आणि त्याचं लोण्यासारखं मऊ काहीतरी होतं. आच मध्येच कमी झाली की दगड वरून भाजतो आणि पोटात कच्चा राहतो. तो पाण्यात फुटत नाही. चुन्यात त्याचे खडे राहतात, आणि चाळल्याशिवाय गवंड्याच्या थापीखाली करकरतात. पेंगूशेठच्या चुन्यात असे खडे ढिगाने असत. शिवाय राख, शिवाय कोळशाचे कण. गवंडी शिव्या देत आणि नेत, कारण दुसरी भट्टी नव्हती.

जागल्याने बापाची ही बदनामी धुऊन काढायची म्हणून उभं आयुष्य घातलं. त्याचा चुना दुधासारखा पांढरा. एक खडा काढून दाखवा, म्हणायचा. कुणी दाखवायला येत नसे, कारण आता सगळे सिमेंट वापरत होते. त्याचा तो निर्मळ चुना झाडांच्या बुंध्यांना आणि कोंबड्यांच्या खुराड्यांना लागत होता. कोंबड्यांनी कधी तक्रार केली नाही.

अशात जुन्या कोर्टाची इमारत घाम गाळू लागली.

या इमारतीच्या चार भिंती. तीन भिंतींचे सांधे मागे कधीतरी सिमेंटने भरले होते. त्यांत पाणी कोंडलं, दगडांचे पापुद्रे सुटले, आणि एक वकील तर छत्री उघडून युक्तिवाद करू लागले. न्यायाधीशांनी आधी हरकत घेतली, मग स्वतःसाठीही एक मागवली. चौथी, उत्तरेची भिंत मात्र खणखणीत. पन्नास वर्षांपूर्वी तिचे सांधे भरले होते ते पेंगूशेठच्या चुन्याने.

वारसा विभागाच्या प्रयोगशाळेतून एक तरुण बाई आल्या. त्यांनी त्या भिंतीतून अंगठ्याएवढा तुकडा काढला, चार महिने सूक्ष्मदर्शकाखाली घातला आणि मग थेट भट्टीवर आल्या. सोबत खात्याचे निरीक्षक होते. निरीक्षकांचं पोट त्यांच्या दोन पावलं पुढे चालत असे.

"काका," बाई म्हणाल्या, "तुमचा चुना तपासला. फार शुद्ध आहे."

जागल्याची छाती फुगली. "आहेच."

"तेच तर चुकलंय."

छाती तशीच फुगलेली राहिली; तिला खाली यायला वेळ लागला. बाईंनी त्याला समजावून सांगितलं. कच्च्या खड्यांमुळेच ती भिंत टिकली आहे. बारीक तडा गेला की पाणी आत जातं, खड्यांतला चुना थोडा थोडा सोडवून आणतं आणि तडा बुजतो. राखेने चुना ओलाव्यातही धरून राहतो. भिंत श्वास घेते. आता बाकीच्या तीन भिंतींनाही हाच चुना लागणार, हाच म्हणजे अगदी हाच.

"म्हणजे खराब चुना," जागल्या म्हणाला.

"मूळ पद्धतीचा," बाई म्हणाल्या.

"मॅडम, तो आमच्या वडिलांचा चुना. ते झोपायचे हो."

"हो, गावात विचारलं आम्ही. बाराच्या बारा जणांनी हेच सांगितलं." त्यांनी निरीक्षकांकडे बघितलं. निरीक्षकांनी कागद पुढे केला.

वारसा विभागाचा नियम असा की, मूळ पद्धतीतला कुठलाही टप्पा गाळता येत नाही. त्यामुळे पद्धत-पत्रकात नववं कलम आलं होतं ते असं: 'भट्टीवाल्याने दररोज सकाळी अकरा ते एक या वेळेत भट्टीसमोर झोपावे. झोप खरी असावी. निरीक्षकाने समक्ष खात्री करून नोंद घ्यावी.'

"लाकडं कमी घातली तर नाही चालणार?" जागल्याने विचारलं. "ठरवून?"

"किती कमी? कधी? कुठल्या बाजूने?" बाई म्हणाल्या. "तुम्हाला माहितीय?"

त्याला माहीत नव्हतं. चुना खराब कसा करायचा, हे तो कधी शिकलाच नव्हता.

निरीक्षकांनी घसा साफ केला आणि राहिलेलं सांगितलं. भट्टीची जागा नगरपालिकेला वाहनतळासाठी हवी आहे. भट्टी कोर्टाच्या कामाला लागली तर तिला वारशाचं संरक्षण मिळेल. तीन संधी आहेत. तिन्हींत नापास झालात, तर बुलडोझर.

जागल्याने ही शेवटची गोष्ट बायकोला सांगितली आणि ब्याऐंशी वर्षांच्या आईपासून लपवली. भट्टीच्या मागेच दोन खोल्यांचं घर होतं. आईचा सगळा दिवस मागच्या ओट्यावर, भट्टीकडे तोंड करून जायचा.

पहिल्या भाजणीला बायकोने भट्टीसमोर गादी घातली, उशी दिली आणि सकाळी दहालाच त्याला पोटभर जेवायला वाढलं. निरीक्षक स्टुलावर वही घेऊन बसले. अकरा वाजले. जागल्या आडवा झाला.

"डोळे मिटा," निरीक्षक म्हणाले.

त्याने मिटले. पण भट्टीवाला आग डोळ्यांनी बघतो थोडीच? आतलं लाकूड कलंडल्याचा आवाज आला, ज्वाळेचा सूर खाली आला, आणि जागल्याचा हात आपसूक लाकडाकडे गेला.

"अहो, हात!" बायको ओरडली.

"मी झोपलोय," तो म्हणाला आणि लाकूड आत सारलं.

तीन दिवस हेच चाललं. चुना निघाला दुधासारखा. बाईंनी तो पाण्यात टाकला, चाळला, आणि चाळणीत काहीच राहिलं नाही. त्यांनी शेरा लिहिला: 'अत्युत्तम. नापास.'

दुसऱ्या भाजणीला त्याच्या कानात कापूस कोंबला. बायको उशाशी बसून सरकारी निविदांच्या जाहिराती एका सुरात वाचू लागली. 'इच्छुकांनी बंद पाकिटात...' असं वाचता वाचता अकराला दहा कमी असतानाच एक जण घोरू लागला. ते निरीक्षक होते. स्टुलावरून त्यांचं पोट हळूहळू पुढे सरकलं आणि मागोमाग तेही गादीवर आले. जागल्याने त्यांना नीट उशी दिली, अंगावर चादर घातली आणि जाऊन भट्टीत लाकडं घातली. एक वाजता निरीक्षक उठले, गादीवर माणूस झोपला होता एवढं त्यांना पक्कं आठवत होतं, त्यांनी तशी नोंद केली. तिन्ही दिवस.

बाईंनी वही वाचली, चुना चाळला, आणि डोक्याला हात लावला. "काका, कागद झोपलाय आणि चुना जागा आहे. हे कसं काय?"

निरीक्षक भट्टीच्या उंचीकडे बघत राहिले.

एकच संधी उरली. नगरपालिकेला धीर नव्हता. तिने दुसऱ्याच दिवशी दोन टेपवाले पाठवले. एकाने टेप धरली, दुसऱ्याने जमिनीवर पांढऱ्या फक्कीने रेघा मारल्या. फक्की जागल्याच्याच भट्टीतली होती आणि रेघा फार सुरेख उमटत होत्या. एक रेघ आईच्या ओट्यावरून गेली. आईने पाय उचलले, रेघ जाऊ दिली आणि मग हाक मारली.

"अरे ए, इकडे ये. हे काय चाललंय?"

"काही नाही आई. मोजणी आहे."

"मोजणी फुकट नाही होत. खरं सांग."

त्याने सांगितलं. वाहनतळ, संधी, नववं कलम, सगळं. आई ऐकत होती. कलमाशी आल्यावर तिने हात वर करून थांबवलं.

"कोण झोपायचं म्हणालास?"

"बाबा. अजून कोण?"

"तो?" आईला एवढं हसू आलं की तिला ओट्याची कड धरावी लागली. "त्याला झोपच कुठे होती! रात्रीसुद्धा डोळा लागायचा नाही त्याचा. लाकडं मी काढायची."

जागल्या तिथेच फक्कीच्या रेघेवर बसला.

मग आईने सांगितलं. त्या काळी घरात खाणारी तोंडं अकरा, आणि शिवाय तो. तो राहिलं तर नंतर जेवायचा. तिच्या सासूबाई रोज सकाळी चुलीसाठी मोजून पाच लाकडं काढून द्यायच्या. पाच लाकडांत अकरा जणांचं कडधान्य शिजत नाही. पाणी गरम होतं आणि सासू तापते. भट्टीचं लाकूड तेव्हाच्या भट्टीमालकाचं, त्याला हात लावायचा नाही. म्हणून ती अकराला मागून यायची, चिमट्याने भट्टीच्या तोंडातली जळती लाकडं ओढायची, चुलीत घालायची, आणि स्वयंपाक झाला की उरलेली परत आणून ठेवायची.

"आणि बाबा?"

"तो डोळे मिटायचा. म्हणजे कुणी विचारलं तर शपथेवर सांगता यावं, की मी काही बघितलं नाही. मालकाने विचारलं आच का उतरली, तर म्हणाला, डुलकी लागली. तेच चिकटलं."

"पन्नास वर्षं, आई! मास्तर धूर बघून गणित काढायचे!"

"मी त्याला म्हटलं होतं, सांगू या. तर म्हणतो, मला पेंगूशेठ म्हणतात ते म्हणू देत, तुला चोर म्हणायला नको." आईने पदराने डोळे पुसले, हसण्यामुळे की कशामुळे, ते काही कळलं नाही. "आणि तू मला कधी विचारलंस? तू आपला उठलास तो झोपेच्या मागेच लागलास."

भिंतीला टेकून, डोळे मिटून बसलेला बाप जागल्याने शेकडो वेळा बघितला होता. त्या मिटलेल्या डोळ्यांमागे माणूस टक्क जागा असेल, असं त्याच्या मनात कधी आलं नव्हतं.

बाईंना बोलावून हे सगळं सांगितलं तेव्हा त्या आनंदाने टुणकन उठल्या आणि फक्कीची रेघ पुसली गेली. "आजी, रोज किती लाकडं काढायच्या तुम्ही?"

"लागतील तेवढी."

"म्हणजे किती?"

"अगं, अकरा माणसांची!"

"ठीक. मग आता तेवढीच काढा."

"आता त्या वेळी जेवायला मी आणि सून; हा भट्टीसमोर आडवा. दोघींच्या स्वयंपाकाला तीन लाकडं पुरतात. उगीच लाकूड बाहेर काढून ठेवायला माझ्या हाताला जमायचं नाही. हात पातेलं बघून चालतो."

बाईंनी दोन दिवस हिशोब करून पाहिला आणि शेवटी त्यांना ते मान्य करावं लागलं. लाकूड केव्हा काढायचं, कुठलं काढायचं, किती जळलेलं परत ठेवायचं, हे सगळं त्या हातात होतं, आणि तो हात अकरा माणसांचं पातेलं चढल्याशिवाय हलणार नव्हता. पत्रकात दुरुस्ती झाली. निरीक्षक मात्र अडून बसले. "आजींचं कलम घाला, पण नववं काढता येणार नाही. साहेबांची सही झालीय."

"मग दोन्ही ठेवा," बाई म्हणाल्या. "काका झोपतील, आजी लाकडं काढतील."

"आणि माझ्यादेखत भट्टीतलं लाकूड बाहेर काढलं तर? मी नोंद काय करू?"

"तुम्हीही डोळे मिटा," आई म्हणाली. "आमच्याकडे तीच पद्धत आहे."

जेवायला नऊ माणसं कमी होती. खात्याने ती पत्र काढून नेमली: बाई, निरीक्षक, गाडीचा ड्रायव्हर, ऑफिसचा शिपाई, कोर्टाचे दोन गवंडी, छत्रीवाले वकील आणि टेपवाले दोघे. टेपवाल्यांना आधी वाटलं, ही लाच आहे. पत्र वाचल्यावर ते म्हणाले, लाच असती तर बरं झालं असतं; ड्यूटीवर जेवायचं म्हणजे वेळेवर यावं लागतं.

तिसरी भाजणी सुरू झाली. पहिल्या दिवशी अकराला जागल्या भट्टीसमोर आडवा झाला आणि त्याने डोळे मिटले. समोर स्टुलावर निरीक्षकांनीही मिटले. चिमट्याचा आवाज आला. लाकूड खरखरत बाहेर निघालं. दुसरं. तिसरं. भट्टीचा सूर उतरत गेला. जागल्याने दोन्ही हात पाठीखाली दाबून धरले. आयुष्यात त्याने इतकं कष्टाचं काम केलं नव्हतं. दोन तासांनी तो उठला तेव्हा घामाने गादी भिजली होती. निरीक्षकांनी नोंद केली: 'झोप गाढ. घाम आला.'

दुसरा दिवसही पार पडला. तिसऱ्या दिवशी अकरा वाजले आणि आईने मागच्या अंगणात माणसं मोजली.

"दहाच आहेत."

ड्रायव्हर नव्हता. मोठ्या साहेबांना ऐनवेळी कुठेतरी जायचं होतं.

"आजी, दहा तर दहा," बाई म्हणाल्या. "तुम्ही अकरांचं शिजवा."

"आणि उरलेलं कोण खाणार? माझ्या हातून पान मोजल्याशिवाय पातेल्यात माप पडत नाही. दहा माणसं, दहा मापं."

बाईंचा चेहरा पडला. दहा मापं म्हणजे लाकडं कमी निघणार, आच जास्त, खडे कमी, आणि उद्या बुलडोझर. वकिलांनी आईला पटवायला पंधरा मिनिटं युक्तिवाद केला. आई म्हणाली, "तुम्ही हात धुवा." रस्त्यावरून कुणाला तरी पकडून आणावं म्हणून शिपाई धावला, पण सरकारी माणूस रस्त्यात हात धरून 'चला जेवायला' म्हणतो म्हटल्यावर लोक पळू लागले.

तेवढ्यात भट्टीसमोरून आवाज आला.

"आई, माझं माप टाक."

"तू झोपलायस ना?"

"झोपेत जेवीन."

निरीक्षकांनी डोळे मिटलेलेच ठेवून वही चाळली. झोपेत जेवू नये असं कुठेच लिहिलेलं नव्हतं.

आईने अकरावं माप टाकलं. पातेलं चढलं, चिमटा चालू लागला. साडेबाराला आई ताट घेऊन आली, त्या अठ्ठावन्न वर्षांच्या बाप्याच्या उशाशी बसली आणि त्याला भरवू लागली. त्याचे डोळे मिटलेले. घास आला की तोंड उघडायचं. आठ माणसं दारात दाटी करून बघत होती; नववे निरीक्षक स्टुलावर डोळे मिटून, दहावी आई भरवत होती, अकरावा जेवत होता. गवंडी म्हणाले, आम्ही पुष्कळ भट्ट्या बघितल्या, पण ही तऱ्हा नाही बघितली. भट्टीत आग मंद धुमसत होती, आणि जागल्याचे हात पाठीखालून निघाले होते, हे त्याच्या लक्षातही आलं नव्हतं. शेवटच्या घासाला तो तोंड उघडेना. आईने गालावर टिचकी मारली. उत्तर म्हणून तो घोरला.

निरीक्षकांनी एक डोळा उघडला, बघितलं, आणि पहिली खरीखुरी नोंद लिहिली.

भट्टी थंड झाल्यावर बाईंनी स्वतः दगड फोडला. कडेने पांढरा, पोटात करडा, कच्चा. पाण्यात टाकला, चाळला. चाळणीत खडे राहिले, राखेचा मळ राहिला, कोळशाचे कण राहिले. त्यांनी त्याचं वजन केलं, उत्तरेच्या भिंतीच्या आकड्यांशी ताडून पाहिलं, आणि चष्मा काढून म्हणाल्या, "पास, काका. तीन भिंतींना चाळीस भाजण्या लागतील."

टेपवाल्यांनी आपल्या रेघा आपणच झाडूने पुसल्या आणि पुढची भाजणी कधी, ते डायरीत लिहून घेतलं.

जागल्याने मुठीत चुना घेतला. खडे टोचले. गवंड्यांपैकी म्हातारा वाकून बघत म्हणाला, "बाबा, असला माल आम्ही पूर्वी तोंडावर फेकला असता." जागल्याने मान हलवली, त्याने स्वतःही फेकला असता.

कोर्टाचा ट्रक आला. भाजलेल्या दगडांच्या कळ्या भरल्या. चुन्याला दमट हवा लागू नये म्हणून वरून ताडपत्री घालतात, तशी जागल्याने घातली. मग इकडेतिकडे बघून तिच्यावर दुसरी घातली, आणि बाजारातून जाताना एकही कळी कुणाच्या नजरेस पडू नये अशा बेताने चारी कडा आवळून बांधल्या.

आई ओट्यावरून सगळं बघत होती.

"एक ताडपत्री काढ," ती म्हणाली. "चुन्याला एकच लागते."